मदत हवी आहे: ठरलेल्या प्रार्थनेत मन कसं आणायचं?
जय ख्रिस्त मंडळी, एक विचारायचंय. प्रभूची प्रार्थना, गीतं सगळं तोंडपाठ आहे, ओठ चालू असतात पण मन भलतीकडेच, मग बायबलमधलं यशया २९:१३ (हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, पण त्यांचं मन माझ्यापासून दूर आहे) वाचलं की फार अस्वस्थ व्हायला होतं, येशूनेही मत्तय १५ मध्ये परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना) तेच सुनावलं. आमोस ५ मध्ये तर देवाला सण नि गाणी नकोत, न्याय हवाय. पण विधी सोडून द्या हे मला पटत नाही, प्रभुभोजन (भाकर नि द्राक्षारसाचा विधी) तर स्वतः येशूनेच दिलंय ना. मग योहान ४:२४ मधली आत्म्याने आणि खरेपणाने उपासना रोजच्या त्याच शब्दांत कशी करायची? तुम्ही नेमकं काय करता, हळू म्हणता, आधी शांत बसता, की मत्तय ५:२४ प्रमाणे आधी भांडण मिटवता? प्लीज सविस्तर सांगा.