यिद्दिश रंगभूमीच्या तबकड्यांवरची खरखर काढावी का?

तबकडीप्रेमी (चर्चाप्रस्ताव):
बर्लिनमधील हिर्श लेविन यांचे पुस्तकांचे दुकान १९३२ पासून ‘सेमेर’ या नावाने ग्रामोफोनच्या तबकड्या काढत असे. नाझी राजवटीत जर्मन रंगमंच ज्यांना बंद झाला, असे ज्यू गायक त्या तबकड्यांसाठी गात आणि त्या गाण्यांत यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेतील, नाटकांतली पदेही असत. नोव्हेंबर १९३८ मध्ये जमावाने दुकान फोडले, तेव्हा सुमारे ४,५०० तबकड्या आणि त्या छापण्याचे २५० धातूचे साचे नष्ट झाले. पुढे संगीत-इतिहासकार रायनर लोट्झ यांनी जगभरच्या संग्राहकांकडून उरलेल्या प्रती जमवल्या, म्हणून ते गाणे आज कानी पडते. साचाच उरला नसल्याने झिजलेली तबकडी हेच आता मूळ आहे आणि संग्रहालयांनी तिच्यावरची खरखर गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. यिद्दिशमधील ‘ख’, ‘श’, ‘त्स’ हे घर्षणाचे वर्ण खरखरीच्याच पट्ट्यात ऐकू येतात. एका पदाच्या ‘स्वच्छ’ प्रतीत मला ओळीअखेरचा ‘आख’ चक्क ‘आ’ असा ऐकू आला. ज्या भाषेचे बोलणारेच लाखोंनी मारले गेले, तिचा एक वर्णही आपल्या हातून पुसला जाऊ नये.

गायनशिक्षिका:
मला हे पटत नाही. नाट्यपद हे श्रोत्यांसाठी असते. नव्या विद्यार्थ्यांना अशी तबकडी ऐकवली, तर अर्ध्या मिनिटात त्यांचे लक्ष गाण्यावरून उडून खरखरीवर जाते, हा माझा वर्गातला अनुभव आहे. २०१२ मध्ये बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाने संगीतकार ॲलन बर्न यांच्याकडे सेमेरची गाणी पुन्हा सादर करण्याचे काम सोपवले आणि ती पुन्हा मंचावर आली. मला जतन म्हणून हेच अभिप्रेत आहे. जे पद कोणाच्या गळ्यात उतरत नाही, ते कपाटात कितीही जसेच्या तसे ठेवले तरी गेल्यातच जमा आहे.

ध्वनिमुद्रक:
खरखरीवरून वाद चालला आहे, पण वेगाबद्दल कोणी बोलत नाही. १९२५ पूर्वी, मायक्रोफोनशिवाय कर्ण्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांचा वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांचाच होता असे नाही. ७४ वर कोरलेली तबकडी ७८ वर फिरवली, तर काळी एकमध्ये गायलेले पद जवळजवळ पांढरी दोनमध्ये, म्हणजे लगतच्या वरच्या सुरात, ऐकू येते आणि प्रौढ नटाचा आवाज पोरसवदा वाटू लागतो. तेव्हा ‘काहीही न बदललेली’ प्रत अशी नसतेच. सुईची जाडी निवडली, तिथेच आपला निर्णय सुरू होतो.

तबकडीप्रेमी:
वेगाचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. म्हणूनच वापरलेला वेग आणि सुई यांची नोंद फाइलसोबत असावी आणि न गाळलेली प्रत सर्वांना खुली असावी, अशी माझी मागणी आहे. ताई, त्याशेजारी वर्गासाठी गाळलेली प्रत ठेवायला माझी हरकत नाही.

गायनशिक्षिका:
दोन्ही प्रती करण्याइतका पैसा बहुतेक संग्रहांकडे नसतो. एकच करता येणार असेल, तर मी ऐकवण्याजोगी प्रतच मागेन.

तबकडीप्रेमी:
आणि मी न गाळलेली. तीवरून तुमची प्रत केव्हाही करता येईल. तुमच्या प्रतीतून तो ‘ख’ परत काढता येणार नाही.