ड्युअल-स्पोर्टचा हेडलाइट मंद: बल्ब बदलावा की वायरिंग?

सडारस्ता

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ सालची ड्युअल-स्पोर्ट (डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची) मोटारसायकल आहे. हेडलाइट गोल आणि काचेचा असून त्यात ६०/५५ वॅटचा एच-फोर हॅलोजन बल्ब आहे. इंजिन सुरू झाले की तो आपोआप लागतो. नोकरीमुळे गुहागरहून शृंगारतळीमार्गे चिपळूणला रोज जाणे-येणे असते आणि परतताना बहुधा अंधार पडलेला असतो. डांबर ओले असले की साइडपट्टी कुठे संपते आणि चर कुठे सुरू होतो, हे डिपरवर (खालच्या झोतावर) अजिबात कळत नाही. सुट्टीच्या दिवशी सड्यावरच्या (कातळाच्या सपाट माळावरच्या) जांभ्या मातीच्या वाटांनी भटकण्याची हौस आहे, पण अंधार पडण्याआधी घर गाठावे लागते.

एका मेकॅनिकने १००/९० वॅटचा बल्ब सुचवला, मित्र एलईडी बल्बचा आग्रह धरतो आहे आणि सुट्या भागांचा दुकानदार क्रॅश गार्डवर दोन फॉगलाइट लावायला सांगतो. गाडी वॉरंटीच्या बाहेर गेली असल्यामुळे वायर कापायला हरकत नाही. मात्र काम असे हवे की दोन पावसाळ्यांनी पुन्हा उघडावे लागू नये. सुरुवात कुठून करावी?

तारजोड

तिन्ही सल्ले बाजूला ठेवा आणि आधी साधा मल्टिमीटर घ्या. सध्याच्या बल्बला पुरेसे व्होल्टेज मिळते का, हे कळल्याशिवाय नवा बल्ब घेणे म्हणजे पाइपात कचरा अडकलेला असताना नळ बदलण्यासारखे आहे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताने घसरतो, त्यामुळे दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. एच-फोरचा अप्परसाठी (वरच्या झोतासाठी) १६५० आणि डिपरसाठी १००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) मानक आकडा १३.२ व्होल्टला धरलेला असतो, हेही लक्षात असू द्या.

मोजमाप बल्ब जळत असतानाच घ्या. कपलर (बल्बवर बसणारा वायरींचा जोड) काढून मोकळ्या टोकाला मीटर लावला तर बॅटरीइतकेच व्होल्टेज दिसेल आणि सगळे ठीक असल्याचा भास होईल, कारण विद्युतप्रवाह वाहत नसेल तर व्होल्टेजची घटही दिसत नाही. कपलर बल्बवर बसलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने मीटरची टोके आत सरकवा. इंजिन अंदाजे ३००० ते ४००० आरपीएमवर ठेवून तीन आकडे टिपा: बॅटरीच्या दोन टोकांमधले व्होल्टेज, बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक ते बल्बचा डिपरचा पाय, आणि बल्बचा अर्थचा (निगेटिव्ह बाजूचा) पाय ते बॅटरीचे निगेटिव्ह टोक. पहिला आकडा १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान हवा. तो कमी आला तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा मॅग्नेट कॉइलमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागांत) असू शकतो, आणि मग हेडलाइटच्या वायरिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट आधीच सांगा: गाडी उभी असताना आणि रेस दिल्यावर प्रकाशात मोठा फरक पडतो का? जुन्या काही गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटमधून येणाऱ्या एसीवर (सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर) चालतो. तसे असेल तर उपाय सर्वस्वी वेगळा आहे.

सडारस्ता

रेस दिल्याने प्रकाशात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. आकडे असे आले: बॅटरी १४.०, पॉझिटिव्ह बाजूची घट १.३ आणि अर्थच्या बाजूची घट ०.५ व्होल्ट. कपलर उघडून पाहिला. पांढरे प्लॅस्टिक एका पायाभोवती चहाच्या रंगाचे झाले आहे आणि पितळी पत्तीवर हिरवा कीट चढला आहे. नखाने खरवडला तर भुकटी निघते.

तारजोड

म्हणजे बल्बला १२.२ व्होल्टच मिळत आहेत. १४.० वर तोच बल्ब जितका उजेड देईल, त्याच्या सुमारे त्रेसष्ट टक्केच उजेड तुमच्या रस्त्यावर पडतो आहे. उरलेले आठेक वॅट बल्बऐवजी वायर, स्विच आणि कपलर तापवण्यात जातात, आणि त्या चहाच्या रंगाचे कारणही हेच आहे. मूळ वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर बॅटरी, इग्निशन लॉक, डिपर स्विच आणि तिथून बल्ब या तीन-चार मीटरच्या फेऱ्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास घट होणारच. पॉझिटिव्ह बाजूची उरलेली घट स्विचच्या संपर्कांत आणि कपलरमध्ये आहे. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत मला हेच चित्र नेहमी दिसते. खारी हवा वायरपेक्षा जोड आधी खाते.

उपाय म्हणजे दोन रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच): एक डिपरसाठी, एक अप्परसाठी. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर थेट हेडलाइटकडे आणा आणि तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा पातीचा फ्यूज बसवा. ही वायर दोन्ही रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पायाला जाईल. ८७ क्रमांकाच्या पायांवरून बल्बच्या नव्या होल्डरकडे एकेक वायर जाईल. बल्बचा जुना कपलर आता फक्त रिले चालवण्यापुरता राहील: त्यातल्या डिपर आणि अप्परच्या वायरी आपापल्या रिलेच्या ८६ ला द्या आणि ८५ अर्थला. रिलेच्या कॉइलला अँपिअरचा सहावा-सातवा हिस्सा पुरतो, त्यामुळे जुन्या वायरिंगवर आणि स्विचवर भार राहत नाही. इंजिन सुरू होताच दिवा लागण्याची व्यवस्थाही जशीच्या तशी राहते. मात्र काही गाड्यांत डिपर स्विच अर्थच्या बाजूला असतो. जोडणीपूर्वी ते मीटरने तपासा, नाहीतर रिले चालू होणारच नाही.

अर्थसाठी चॅसिसवर विसंबू नका. होल्डरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तितक्याच जाडीची स्वतंत्र वायर आणा. तुमचा अर्धा व्होल्ट तिथे परत मिळेल.

साहित्याबाबत मात्र हात आखडता घेऊ नका. घरगुती वायरिंगची वायर वापरू नका. बोटींच्या कामासाठी कल्हई केलेल्या तांब्याची वायर येते, ती रत्नागिरी किंवा मुंबईकडून मागवता आली तर उत्तम, कारण साध्या तांब्यात ओल शिरली की इन्सुलेशनच्या आतून वीतभर अंतरापर्यंत तारा काळ्या पडतात. जोड पकडीने घट्ट क्रिम्प करा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. काळी चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नका; पहिल्याच पावसाळ्यात तिचा चिकट लगदा होतो आणि पाणी आत कोंडून राहते. रिले सीलबंद घ्या आणि पाय खाली येतील असे बसवा, म्हणजे पाणी साचणार नाही. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर मोकळी ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून ती ताणली जात नाही ना, हे पाहा.

एवढे करून बल्बला १३.६ व्होल्ट मिळाले तरी आजच्यापेक्षा सुमारे पंचेचाळीस टक्के जास्त उजेड मिळेल, आणि तोही साध्या ६०/५५ च्या बल्बमधून. त्याची किंमत म्हणून बल्बचे आयुष्य कमी होईल. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले की ते जवळजवळ निम्म्यावर येते. एक जादा बल्ब सीटखाली ठेवा.

खाडीपलीकडचा

रिलेच्या कामाशी मी पूर्ण सहमत आहे. १००/९० चा विषय तर चर्चेलाही घेऊ नये: तो रस्त्यासाठी मान्य नाही, डूम (बल्बमागचा प्रकाश परतवणारा भाग) तापून त्याचा चकाकता थर उडतो आणि होल्डर वितळतो.

एलईडीबाबत मात्र दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. हॅलोजनच्या डूममध्ये बसवायचा एलईडी बल्ब ही तडजोड आहे. एच-फोरमध्ये डिपरच्या फिलॅमेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणूनच समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. डूमचा आकार त्या फिलॅमेंटच्या नेमक्या जागेवरून ठरलेला असतो. एलईडीची चिप मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे असली तरी प्रकाश वर उधळतो, आणि पावसात तोच आपल्या डोळ्यांवर उलटतो. शिवाय मागचा पंखा आणि हीटसिंक यांमुळे रबरी टोपी नीट बसत नाही. मग खारी हवा थेट डूममध्ये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत परस्पर बदल करण्यावर बंधने आहेत, तेही ध्यानात घ्यावे.

स्वतःची भिंगे असलेला सात इंची पूर्ण एलईडी हेडलाइट ही वेगळी वस्तू आहे. तो चांगल्या प्रतीचा आणि प्रमाणित असेल तर डिपरची कड सुरीसारखी स्वच्छ येते आणि विजेचा भारही कमी होतो. तरीही दाभोळ-धोपावे फेरीबोटीने नेहमी ये-जा करणारा माणूस म्हणून सांगतो की घेताना ल्युमेनच्या आकड्यांपेक्षा काच आणि बॉडी यांमधला सील पाहावा. आत एकदा बाष्प शिरले की हॅलोजनसारखा फक्त बल्ब बदलून भागत नाही, पूर्ण दिवाच फेकावा लागतो. रंग निळसर पांढरा नको. ओल्या डांबरावर तो विरून जातो. कुंभार्ली किंवा आंबा घाटातल्या धुक्यात तर अप्पर कुठलाही असो, समोर पांढरा पडदाच उभा राहतो. तिथे डिपर आणि शक्य तितके खाली बसवलेले रुंद झोताचे फॉगलाइटच उपयोगी पडतात. म्हणून दुकानदाराचा सल्ला अगदीच वाया घालवू नका. फक्त तो दुसऱ्या टप्प्यावर ठेवा.

गडग्यापाशी

हेडलाइटचा फोकस कोणी तपासला आहे का? ड्युअल-स्पोर्टच्या सस्पेन्शनची चाल मोठी असते, त्यामुळे मागे माणूस किंवा सामान आले की पुढचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. वायरिंग झाल्यावर गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, नेहमीच्या वजनानिशी स्वतः बसा आणि दिव्याच्या मध्यापेक्षा डिपरची वरची कड पाच ते साडेसात सेंटिमीटर खाली आणा. गिलावा न केलेली चिऱ्यांची भिंत असेल तर खुणाही करायला नकोत. थरांच्या आडव्या सांध्यांवरून कड तिरकी आहे का, हे लगेच दिसते.

सडारस्ता

सर्वांचे आभार. पूर्ण एलईडी सध्या नको. रिले, नवी वायर आणि साधा बल्ब एवढेच करायचे ठरवले आहे. फक्त एक शंका उरली. बल्ब ५५ वॅटचा असताना फ्यूज १५ चा का? १० चा पुरणार नाही का?

तारजोड

डिपर चालू असताना पासिंगचे बटण दाबले की दोन्ही फिलॅमेंट एकाच वेळी पेटतात. ११५ वॅट म्हणजे १२ व्होल्टला साडेनऊ अँपिअरच्या वर, आणि थंड फिलॅमेंट पेटताना क्षणभर त्याहून बरेच जास्त ओढते. १० चा फ्यूज नेमका कोणाला तरी इशारा देताना उडेल आणि तुम्ही अंधारात राहाल. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरला १५ अँपिअर आरामात झेपतात, त्यामुळे वायरच्या सुरक्षिततेतही तडजोड होत नाही. फ्यूजचा होल्डर झाकणाचा घ्या आणि आत थोडी पेट्रोलियम जेली लावा.