एमएस असताना खुबा बदलावा का? सल्ला हवा आहे

रानजाई
माझी आई ५८ वर्षांची, नाशिकला असते. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) जुना आहे. त्याचा अटॅक आला की मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा कोर्स व्हायचा. आता उजवा खुबा इतका दुखतो की कमोडवरूनही आधाराशिवाय उठवत नाही. एमआरआयमध्ये एव्हीएन निघालं, म्हणजे खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा तुटलाय. ऑर्थो म्हणतात बदला. न्यूरो म्हणतात "करू शकता", त्यापुढे काही नाही. बाबांना धास्ती, ऑपरेशनने एमएस उसळेल. एमएससाठी रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दर सहा महिन्यांनी, शिवाय पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन. कुणाच्या घरी झालंय का हे?

सोनचाफा
रानजाई, मला एमएस आहे आणि डावा खुबा बदललाय. कारणही तेच, स्टिरॉइड.

आधी एकच गोष्ट नक्की करा: काकूंचं चालणं अडलंय ते सांध्यामुळे की नसांमुळे? नवा खुबा सांध्याचं दुखणं घालवतो. पाऊल लोंबणं, तोल जाणं, थकवा यांना तो हात लावत नाही. जांघेत कळ येते, मांडी आत वळवली की वाढते, ते बहुधा सांध्याचं. जळजळ, मुंग्या, ते नसांचं. माझं दोन्ही एकात एक मिसळलेलं होतं, म्हणून सर्जननी सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि तासाभराने चालायला लावलं. पाऊल फरशीवर तसंच घासत होतं, पण जांघेतली कळ साफ गेली होती. माझा निर्णय तिथेच झाला. तुम्हीही हे जरूर विचारा.

दुसरं, मांड्या आत खेचल्या जात असतील तर बदललेला खुबा निसटण्याचा धोका जास्त. ड्युअल मोबिलिटी प्रकारचा, म्हणजे सहज न निसटणारा सांधा बसवता येईल का, आखडणं आधी बोटॉक्सने सैल करता येईल का, हे विचारा. बॅक्लोफेन अचानक बंद करायचं नसतं. उपाशी ठेवतात त्या सकाळच्या गोळीचं काय, हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. रिटुक्सिमॅबच्या कोणत्या टप्प्यावर ऑपरेशन करायचं हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. आणि लघवीची कल्चर टेस्ट आधी. एमएसमध्ये तिथला संसर्ग कधीकधी कळतही नाही.

फिजिओ_सातारा
बाबांच्या भीतीबद्दल. ऑपरेशननंतर ताप आला की जुनी लक्षणं डोकं वर काढतात. प्रत्येक वेळी तो नवा अटॅक नसतो. ताप आणि संसर्ग आटोक्यात आला की बरेचदा ओसरतात. तरी न्यूरोंना कळवायचंच.
व्यायाम सकाळी, पंख्याखाली, थोडा थोडा. अंग तापलं की एमएसचे पाय ऐकत नाहीत, म्हणून गरम पाण्याच्या टबात व्यायाम नको. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट आधीच करून घ्या.

रानजाई
खूप आभार दोघांचे. इंजेक्शनचं कुणीच बोललं नव्हतं, ऑर्थोंना विचारते. भूल पाठीतून की पूर्ण?

सोनचाफा
दोन्ही देतात, माझी पाठीतून होती. आत्ता कुठल्या पायात किती ताकद आहे, कुठे बधिर आहे, ते न्यूरोंकडून आधी कागदावर घ्या. नंतर काही नवं वाटलं तर ताडून बघता येतं. एमएस सोसायटीच्या मुंबई-पुण्याच्या शाखांतही चौकशी करा. आणि काकूंना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दुपारी चारनंतर मी मोकळी असते.