मदत हवी आहे: समुपदेशन सुरू केल्यापासून राग वाढलाय, आता तर समुपदेशकांवरच

नमस्कार. वय ४१, सात महिन्यांपासून समुपदेशन चालू आहे. गेले होते ते रडू येतं, झोप लागत नाही म्हणून. राग हा विषयच नव्हता. आमच्याकडे राग फक्त बाबांना यायचा. त्यांनी ताट भिरकावलं की आई फरशी पुसायची आणि मी शितं वेचायचे.

दीड महिन्यापूर्वी मॅडमनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, बाबा इथे बसलेत असं समजून बोला. (मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्सच्या गेस्टाल्ट थेरपीतली ही पद्धत, हे नंतर वाचलं.) बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसले. मग सुरू झाले ते थांबेचना. शेवटी निघालं, "तो भात तुम्ही उचलायचा होतात." त्या दुपारी घरी येऊन गाढ झोपले.

पण तेव्हापासून घरात तोल जातोय. परवा लेकाने डबा अर्धा परत आणला, तेवढ्यावरून मी तो ओट्यावर आपटला. झाकण उडालं. पोरगं मुकाट्याने वाकून पोळीचे तुकडे गोळा करायला लागलं. मी मटकन खालीच बसले.

शिवाय गेल्या सेशनला मी बोलत असताना मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिडीक गेली डोक्यात. तरी हसून फी दिली, थँक्यू म्हटलं. आता जावंसंच वाटत नाही. असलं त्यांना सांगायचं असतं का? नवरा म्हणतो, उशी बडव, मोकळी होशील.

प्रतिसाद १

सांगा, नक्की सांगा. 'तुम्ही ऐकत नाही' हे माझ्या समुपदेशकांना सांगायला मला चार महिने लागले. ते चिडले नाहीत, आणि खरं काम तिथूनच सुरू झालं. उशीचं मात्र नको. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याचा राग आलाय त्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे जास्तच चिडलेले निघाले; नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. खुर्चीचं वेगळं, तिथे रागाला शब्द सापडतात. डब्याचंही सांगा, कदाचित खुर्ची जरा सबुरीने घ्यावी लागेल. लेकाशी बोललात का?

धागाकर्ती

काल बोलले. म्हटलं, चूक माझी होती. तर म्हणतो, "मग कारलं देऊ नकोस."
मंगळवारचं सेशन ठेवलंय. आधी घड्याळाचं काढते.