रविवारी घर घेणारी पार्टी किमतीचं बोलायला येतेय, काय तयारी करावी?

सी-१०२: नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट विक्रीला काढलाय हे बऱ्याच जणांना माहीत आहे. एक पार्टी रविवारी दुसऱ्यांदा येतेय, भावाचं बोलायला. घरात सगळे हळवे झालेत आणि कुणी भाव पाडून मागितला की ह्यांचा पारा चढतो. बोलणी करताना तोल जाऊ नये म्हणून नेमकं काय करायचं? "शांत राहा" हे सोडून काहीही सांगा 🙏

ए-७०३: वहिनी, शांत राहायच्या भानगडीत पडूच नका, ते ऐनवेळी जमत नाही. जे ठरवायचं ते शनिवारी रात्री कागदावर ठरवा. रविवारी काहीच ठरवायचं नाही, कागदावरचं बोलायचं आणि उठायचं. समोर माणूस बसलेला असताना आकडा ठरवायला गेलात की राग, भीड, घाई सगळं त्या आकड्यात शिरतं.

कागदावर तीन आकडे हवेत. एक, मागणीचा भाव. दोन, जिथे व्यवहार व्हावा असं वाटतं तो. तीन, तळाचा भाव, ज्याच्या खाली नमस्कार करून उठायचं. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि बहुतेक लोक तोच काढत नाहीत.

सी-१०२: तळाचा भाव काढायचा कसा? आमच्या घरी प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा आहे.

ए-७०३: "आम्हाला निदान इतके तरी मिळायलाच हवेत" हा तळ नव्हे, ती इच्छा झाली. ही पार्टी गेली तर तुमच्याकडे दुसरा मार्ग कोणता, त्यावरून तळ निघतो. अजून चार-सहा महिने थांबणं, भाड्याने देणं, किंवा आधी आलेली एखादी ऑफर. त्या मार्गात शेवटी हातात किती पडतात ते काढा. थांबण्याचा महिन्याचा खर्च धरा: मेंटेनन्स, कर्ज असेल तर व्याज, घरपट्टी, बंद घराची देखभाल. आणि सगळे आकडे "हातात येणारे" लिहा. दलाली, उरलेलं कर्ज, विक्रीवरचा कर, थकबाकी वजा करून. लोक मोठ्या आकड्यावर भांडतात आणि खिशात काय उरलं ते सही झाल्यावर मोजतात.

बी-२०४: ताई, घरात प्रत्येकाचा आकडा वेगळा का येतो त्याचं कारण आहे. आपली वस्तू म्हटली की आपोआप जास्त मोलाची वाटते. १९९० मध्ये कानमन, नेच आणि थेलर यांनी ह्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विका-घ्या म्हणून सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तुमचं तर राहतं घर आहे.

दुसरं, आपण घेतलेला भाव. "इतक्याला घेतलं, त्याखाली कसं देऊ?" जेनसोव्ह आणि मेयर यांनी बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅट विक्रीचा अभ्यास २००१ मध्ये छापला. ज्यांना तोटा दिसत होता त्यांनी मागणीचा भाव वर ठेवला, थोडा जास्त मिळालाही, पण घर बाजारात जास्त काळ पडून राहिलं. आणि स्वतः राहणाऱ्या मालकांवर ह्या तोट्याच्या भीतीचा परिणाम गुंतवणूकदारांपेक्षा जवळजवळ दुप्पट दिसला. घेणाऱ्याला तुमच्या खरेदीखताशी काही देणंघेणं नसतं.

डी-५०१: मग मागणीचा भाव कशावरून ठरवायचा, तर झालेल्या व्यवहारांवरून. जाहिरातीतले भाव धरू नका, ते म्हणजे विकणाऱ्याची स्वप्नं. गेल्या सहा महिन्यांतले तीन ते पाच खरोखर झालेले व्यवहार काढा. सगळ्यांचं क्षेत्रफळ एकाच मापात आणा, एकाचं कार्पेट (आतली वापराची जागा) आणि दुसऱ्याचं बिल्टअप (भिंतींसकट) धरलं की तुलना कोसळते. मग मजला, पार्किंग, दिशा, अवस्था यांची वजाबाकी-बेरीज. एखादा फारच वर किंवा खाली असेल तर त्यामागे घरातल्या घरात विक्री किंवा घाईची विक्री असते, तो सोडा.

सी-१०२: आणि आम्ही किचनवर केलेला खर्च? तो तर पूर्ण धरायला हवा ना?

डी-५०१: नाही वहिनी. इथेच सगळ्यात जास्त जीव जळतो म्हणून आधीच सांगतो. तुम्ही हौसेने बसवलेल्या ट्रॉल्यांच्या शटरवर बोटाने टकटक करून समोरचा विचारणार, "हे काढून टाकायला किती लागतील?" त्याला मुद्दाम हिणवायचं असतं असं नाही, त्याच्या डोक्यात त्याचं किचन असतं. सजावटीचा खर्च पूर्ण निघत नाही. वायरिंग, पाइपलाइन, वॉटरप्रूफिंग अशी न दिसणारी कामं मात्र बिलासकट दाखवा. घेणाऱ्याचा पुढचा खर्च त्याने वाचतो, त्यामुळे त्याला वजन असतं.

ए-७०३: खोड्या काढण्याला उत्तर आजच तयार ठेवा. एका कागदावर घराचे दोष स्वतःच लिहा: बाथरूमच्या भिंतीला ओल, खिडकीचा चॅनल खराब, जे असेल ते. प्रत्येकापुढे कारागिराकडून घेतलेलं लेखी कोटेशन. समोरचा म्हणाला "बरंच काम आहे हो", की विचारायचं "कोणतं काम आणि किती धरलंत?" आकडा सांगितला तर कोटेशन पुढे करा. नाही सांगितला तर ती नुसती हवा होती.

माहीत असलेली ओल रंग मारून झाकू नका. आधी सांगितली तर कोटेशनएवढाच भाव उतरतो. टोकननंतर (म्हणजे विसाराचे पैसे दिल्यावर) त्याला सापडली तर तो तिप्पट उतरवायला बघतो, कारण आता त्याला बाकी सगळ्यावरही संशय येतो.

सी-१०२: पाडून मागितला तर? परवा एकाने फोनवर असा भाव सांगितला की ह्यांनी फोनच ठेवला.

बी-२०४: पाडून मागणं हा अपमान नाही, ती खुंटी ठोकणं आहे. पहिला आकडा सगळ्यांनाच आपल्याकडे ओढतो, अगदी धंद्यातल्या लोकांनाही. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ मध्ये ते करून दाखवलं. अमेरिकेतल्या टूसानमध्ये एकच घर इस्टेट एजंटांना प्रत्यक्ष दाखवलं, माहितीचं बाड दिलं, फक्त त्यात मागणीचा भाव वेगवेगळा छापला. सगळ्यात खालचा मूल्यांकनापेक्षा सुमारे १२ टक्के कमी, सगळ्यात वरचा तेवढाच जास्त. एजंटांचे अंदाज त्या छापील भावामागे सरकले, आणि बहुतेकांनी आपण तो भाव बघितला म्हणून काही फरक पडला हे मान्य केलं नाही.

म्हणून त्याच्या आकड्यावर चर्चा सुरूच करू नका. चिडायचं नाही, हसायचं नाही, प्रतिआकडा तर मुळीच द्यायचा नाही. एकच वाक्य: "हा भाव कशावरून काढलात?" त्याच्याकडे व्यवहारांची यादी असेल तर बघा, काहीतरी कळेल. नसेल तर तुमची यादी पुढे ठेवा आणि म्हणा, "ह्या हिशोबाने परत विचार करून सांगा."

ए-७०३: आणि "चला, मध्यावर या" ह्याला भुलू नका. मागणी १०० धरा. त्याने ९० सांगितलं तर मध्य ९५. तोच ८४ म्हणाला तर मध्य ९२. फक्त पहिला आकडा खाली सांगून तीन टक्के मारले, आणि आपल्याला वाटतं किती समजूतदार माणूस.

उतरायचं असेल तर पायऱ्या लहान होत गेल्या पाहिजेत. १०० वरून ९७.५, मग ९६.२५, मग ९५.७५. पायरी लहान झाली की समोरच्याला न सांगता कळतं की तळ जवळ आला. प्रत्येक वेळी सारखेच उतरत राहिलात तर तो मागतच राहणार. आणि प्रत्येक पायरीच्या बदल्यात काहीतरी घ्यायचं: टोकन जास्त, तारीख अलीकडची, ताब्याला पंधरा दिवस. त्याचं उत्तर येण्याआधी स्वतःहून दुसऱ्यांदा उतरू नका. समोरचा गप्प बसला की आपल्याला राहवत नाही आणि आपणच खाली येतो. तेव्हा पाणी प्या.

ए-३०२: काका, माझा वेगळा प्रश्न. घर वडिलोपार्जित असेल आणि भावंडं चार असतील तर कागदावर कुणाचा आकडा?

ए-७०३: चौघांचा. वारसाच्या घरात खरी बोलणी भावंडांत होते, गिऱ्हाईक नंतर येतं. आधी तळाचा भाव, पैसे कुणाला किती आणि कधी, सामानाचं काय, बोलणार कोण, हे लिहून चौघांच्या सह्या घ्या. नाहीतर गिऱ्हाईक धाकट्याला बाजूला घेऊन फोन करतं, "दादा तयार आहेत, तुमचंच अडलंय." हे फार जुनं आहे.

बी-२०४: ताई, तुमच्याकडेही तेच. बोलणारं एकच माणूस ठेवा, आणि ज्याचा जीव घरात जास्त अडकलाय ते नको. राग मानू नका, पण दादांना रविवारी बाहेर पाठवा. बोलणाऱ्याकडे शेवटचा होकार द्यायचा अधिकार नसलेलाच बरा. "घरी विचारून उद्या सांगते" हे मग खरंच असतं.

सी-१०२: 😄 सांगते ह्यांना. पण पार्टीशी आपलेपणाने बोलायचंच नाही का? ते कुटुंब खरंच छान वाटलं.

बी-२०४: बोला की. सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं, पाणी कधी येतं, कुठल्या खिडकीतून वारा येतो, ही माहिती आहे आणि घेणाऱ्याला ती हवीच असते. "मुलं इथेच वाढली, पाय निघत नाही" हे नको. आणि का विकताय, दुसरं घर बुक केलंय, त्याचा हप्ता अमुक तारखेला आहे, हे तर अजिबात नको. तुमची तारीख कळली की समोरचा काही न करता नुसता थांबतो.

छान कुटुंब म्हणून कमी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, तुमचं घर आहे. पण ते किती, हे शनिवारी लिहा. एक टक्का तर एक टक्का. चहा घेता घेता तीन होतात.

डी-५०१: दोन ऑफर आल्या तर मोठा आकडा बघून हुरळू नका, उदाहरण देतो. पहिली ९७, पण कर्ज मंजूर व्हायचंय, पैसे चार महिन्यांनी. दुसरी ९५, मंजुरीपत्र हातात, दीड महिन्यात पैसे. थांबण्याचा खर्च महिन्याला ०.५ धरा. अडीच महिने जास्त थांबायचे, म्हणजे १.२५ गेले, ९७ चे झाले ९५.७५. आता पाचात एकदा कर्ज फिसकटतं असं धरा. तसं झालं तर नवीन गिऱ्हाईक शोधायला अजून तीन महिने, आणि तेही ९५ लाच. दुसऱ्या ऑफरपेक्षा साडेपाच महिने जास्त, २.७५ वजा, उरले ९२.२५. दोन्ही मिळून सरासरी ९५.०५. वर दोनचा फरक दिसत होता, खाली ०.०५ उरला. आकडे तुमचे घाला, रीत हीच. मंजुरीपत्र आणि पैसे देण्याची तारीख कागदावर आल्याशिवाय भाव पक्का म्हणायचं नाही.

सी-१०२: एजंट म्हणतो लगेच हो म्हणा, पार्टी हातची जाईल.

डी-५०१: त्याचं गणित बघा. दलाली २ टक्के धरली, तर भाव ३ ने वाढला की तुम्हाला २.९४ जास्त, त्याला ०.०६. त्यासाठी तो तीन आठवडे कशाला धावेल? वाईट माणूस आहे असं नाही. लेव्हिट आणि सिव्हरसन यांनी २००८ मध्ये शिकागो भागातल्या सुमारे एक लाख विक्रींचा अभ्यास छापला. एजंटांनी स्वतःची घरं विकताना इतरांच्या तशाच घरांपेक्षा ३.७ टक्के जास्त मिळवले आणि साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबले. त्याला विचारायचं, "तुमचं घर असतं तर आज दिलं असतं का?" आणि तोंडाकडे बघायचं.

"आज रात्रीपर्यंत सांगा" ह्याला ठरलेलं उत्तर: "उद्या ह्याच वेळेला सांगते." रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवायचा नाही. फोनवर तर कुठलाच नाही.

ए-३०२: भाव ठरला की सुटलो मग.

ए-७०३: छे. खरी कुरबुर तिथून सुरू होते, कारण तोवर सगळे थकलेले असतात. आधी सामानाची यादी: पंखे, गिझर, एसी, पडद्यांचे रॉड, बाल्कनीतली जाळी, कुंड्या. काय राहणार, काय जाणार, खोलीवार लिहून दोघांच्या सह्या, टोकन घेताना. ही यादी नसली की गिझरवरून व्यवहार अडकतो. प्रत्येक वस्तूपुढे ती एकूण भावाच्या किती टक्के आहे ते लिहा. गिझर एक टक्कासुद्धा भरत नाही हे दिसलं की आवाज आपोआप खाली येतो.

मग करारनाम्याच्या आदल्या दिवशी फोन येणार, "अजून एक टक्का करा ना, खर्च वाढलाय." नवीन दोष सापडला असेल तर कोटेशन मागा. नसेल तर, "भाव ठरला तेव्हा ह्या सगळ्याचा हिशोब धरला होता, काही नवीन असेल तर सांगा," आणि थांबा. म्हणूनच सह्या होईपर्यंत दुसऱ्या पार्टीला "नाही" म्हणायचं नसतं. "बोलणी चालू आहे, काही बदललं तर कळवते" इतकंच. पण एकाकडून टोकन घेतल्यावर दुसऱ्याकडून घेऊ नका, त्यात अडकाल.

सी-१०२: आणि तळाच्या खालीच अडून बसले तर?

बी-२०४: मग उठायचं, पण दार उघडं ठेवून. "ह्या भावाला आम्हाला जमणार नाही. तुमचा विचार बदलला तर फोन करा, तोवर कुणाशी पक्कं झालं नसेल तर नक्की बोलू." टोमणा नाही, "बघू कोण देतं तुम्हाला" नाही. आठवड्याने परत येणारी पार्टी बरेचदा हीच असते, तिला परत यायला लाज वाटू नये. आणि त्या आठवड्यात आपणहून फोन करायचा नाही.

सी-१०२: कागद काढलाय. पहिला आकडा लिहितानाच वाद सुरू झालाय घरात.

ए-७०३: होऊ द्या. आज झालेला बरा, रविवारी त्यांच्यासमोर नको. जमलं नाही तर दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर तळाचा भाव लिहा, शेजारी थांबण्याचा खर्च मांडा आणि मग चिठ्ठ्या उघडा. फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर वरचा धरा. जास्त असेल तर रविवारी फक्त ऐकून घ्या, भाव बोलू नका.