पॉक्सोची शिक्षा आणि वर्षानुवर्षे लोंबकळणारी अपिले

अवंती_नागपूर:
पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या कलम ३५ नुसार खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा. आणि अपील? बलात्काराच्या कलमांखालील शिक्षेवरच्या अपिलांना २०१८ च्या दुरुस्तीने निकाली काढायला सहा महिन्यांची मुदत घातली, पण पॉक्सोच्या कलम ८ खालची शिक्षा, म्हणजे लैंगिक हल्ल्याची, त्यात येतच नाही. आमच्या नागपूरचेच प्रकरण घ्या. डिसेंबर २०१६ ची घटना, मुलगी १२ वर्षांची. सत्र न्यायालयाने तीन वर्षे दिली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 'त्वचेला त्वचेचा स्पर्श नाही' म्हणून पॉक्सोची शिक्षा रद्द करून विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्ष केली. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू. तोवर जवळजवळ पाच वर्षे गेली. पॉक्सोच्या प्रत्येक अपिलाला मुदत हवी.

फौजदारी_वकील:
तुमचा संताप रास्त आहे, उपाय नाही. पॉक्सोच्या कलम २९ मध्ये उलट सिद्ध होईपर्यंत आरोपीने गुन्हा केला असेच गृहीत धरले जाते. अशा वेळी पुरावा पुन्हा बारकाईने तपासायची खरी जागा अपीलच. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात पॉक्सोची शिक्षा रद्द केली, कारण नुसत्या शाळेच्या दाखल्यावरून मुलीचे वय अठराच्या आत असल्याचे सिद्ध होत नव्हते. घाईघाईत हे कुणी पाहिले असते का?

अवंती_नागपूर:
बारकाईने तपासा, जरूर तपासा. पण खालच्या कोर्टातून रेकॉर्ड येण्यात, पेपरबुक (अपिलासाठी लागणारा कागदपत्रांचा संच) तयार होण्यात आणि तारखांमध्ये जाणारा वेळ म्हणजे बारकाई नव्हे.

फौजदारी_वकील:
मग न्यायमूर्ती वाढवा, रेकॉर्ड वेळेत मागवा. नुसती मुदत कागदावरच राहते. आरोपी तुरुंगात असेल तर उशीर त्यालाही भोगावा लागतो, हे विसरू नका.

साताऱ्याची_शिक्षिका:
तो तुरुंगात असेल तर! तीन-पाच वर्षांच्या शिक्षेत अपील दाखल झाले की शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळतो, हे सर्रास चालते. माणूस त्याच गल्लीत परततो आणि मुलीच्या आईला ते शेजाऱ्यांकडून कळते. माझ्या वर्गातली एक मुलगी त्यानंतर शाळेतच यायची थांबली. मुदतीवर तुम्ही दोघे भांडा, पण जामिनाच्या अर्जाची नोटीस कुटुंबाला मिळालीच पाहिजे.

फौजदारी_वकील:
नोटिशीला माझा विरोध नाही. मुदतीला आहे, आणि तो राहील.