परदेशातला बाजार आणि आपली घासाघीस

परवा डबे आवरताना इस्तंबूलहून आणलेली पुडी सापडली, म्हणून हा धागा. मिसिर चार्शी हा तिथला मसाल्यांचा जुना बाजार, सतराव्या शतकातला. दुकानदारानं आधी कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून सफरचंदाचा चहा पाजला, मग 'तुर्की केशर' पुढे केलं. भाव इतका कमी की मी घासाघीससुद्धा केली नाही. तिथंच शंका यायला हवी होती! घरी आईनं चिमूटभर तळहातावर घेतलं, नुसतं बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर करडईची फुलं." आमची शेती लातूरकडची. ज्वारीच्या कडेनं लावलेल्या करडईचे काटे पायाला लागत मी मोठी झाले आणि तिचीच फुलं विमानातून घेऊन आले. खऱ्या केशराचा तंतू एका टोकाला तुतारीसारखा रुंदावतो. माझ्या पुडीत सगळ्या चिरलेल्या पाकळ्या. रंग मात्र झकास सुटतो, भातावर घालतो आम्ही. तुमचेही फसल्याचे, जिंकल्याचे किस्से येऊ द्यात.

*

आम्ही इस्तंबूलच्याच ग्रँड बझारला गेलो होतो. रविवारी. तो रविवारी बंद असतो. पुढचं विचारू नका.

*

दुबई, देरा गोल्ड सूक. सोन्याचा ग्रॅमचा भाव फलकावर लावलेला असतो, तो कमी होत नाही. ताणायची ती घडणावळ. हे मला ठाऊक नव्हतं, सासूबाईंना होतं. त्या तीनदा दुकानाबाहेर पडल्या, तीनदा हाक आली. मी रस्त्यापलीकडे उभा राहून आपण यांच्यातले नाहीच असं दाखवत होतो.

*

हनोईच्या डोंग स्वान बाजारात शून्यांनी डोकं फिरतं. त्यात २० हजार आणि ५ लाख डोंगच्या दोन्ही नोटा निळसर. फळवालीला मी भलतीच दिली. तिनं ती माझ्या मुठीत परत कोंबली, माझं पाकीट स्वतःच उघडलं, त्यातली बरोबर नोट काढून घेतली आणि वर बरंच काही बोलली. भाषा कळली नाही, पण सूर अगदी आमच्या मंडईतल्या मावशींचा.

*

टोकियोत त्सुकिजीला गेलो. मासळीचा घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण बाहेरची दुकानं आहेत तिथंच आहेत. मालवणी माणूस, मासे बघून 'कमी कर गो' तोंडात येतंच. खुणेनं विचारलं. दुकानदार हसला, मान तुकवली आणि पैसे ठेवायचा छोटा ट्रे पुढे सरकवला. भाव तोच! कात्सुओबुशी घेतली. धुरी देऊन वाळवलेला मासा, लाकडासारखा टणक. रंधा मारल्यासारखा किसून देतात. घरी पाकीट फोडलं तर शेजारची काकू दारात हजर: "सुकट भाजलास काय रे?"